नायकाचा कोणता हात?

सिनेमावर मत द्यायला शिक्षण लागत नाही, हे माझं पहिलं मत. मी मराठी चौथी. पुढचं सगळं शिक्षण वाण्याच्या पुड्यांवर झालं. गूळ घरात ठेवायचा आणि कागद वाचायचा. पुण्या-मुंबईचे शिकलेले लोक सिनेमावर लिहितात तेही मी असंच वाचलं आहे. कागद तेलकट असतो हे खरं, पण मजकूर त्याहून बुळबुळीत. ‘दिग्दर्शकाचा प्रयत्न स्तुत्य आहे.’ कसला स्तुत्य? अडीच तास माणूस फटकुरावर बसून डास मारतो, त्याला प्रयत्न दाखवता?

मी तिसगावच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटीच्या भिंतीवर खताचे भाव लिहायला एक फळा आहे. खत आलं नाही की फळा रिकामा, आणि खत सहसा येत नाही. त्यामुळे दर बाजाराच्या दिवशी मी त्यावर चालू चित्रपटाचं मत लिहितो. ‘नायक डॉक्टर आहे. अख्ख्या चित्रपटात त्याने एकही रोगी तपासला नाही. रोग्यांचं नशीब.’ किंवा, ‘नायिका गरीब मोलकरीण आहे. भांडी घासताना हातात सहा बांगड्या, नखाला रंग. आमच्या गावातल्या बाईने असली भांडी घासली तर सासू तिला माहेरी पाठवील.’ बाजाराला आलेले लोक आधी फळा वाचतात, मग तंबूकडे वळतात नाहीतर घराकडे. ‘चंद्रमौळी टूरिंग टॉकीज’चे मालक आसारामशेठ यांचं म्हणणं, माझ्या खडूने त्यांचं जेवढं नुकसान केलं तेवढं वावटळीनेही केलं नाही. वावटळ तंबू पाडते, पण नंतर लोक तरी येतात.

असा मी. गावात मला सिनेमातलं सगळं कळतं असं समजतात. फक्त एका प्रश्नाचा निकाल मला दोन वर्षं लावता आला नाही, आणि तो प्रश्न माझ्याच घरात राहत होता.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी एक चित्रपट आला. त्यात नायकाचा उजवा हात कारखान्यात सापडून निकामी होतो. मी फळ्यावर लिहिलं, ‘कालपर्यंत उजव्या हाताने जेवणारा हा इसम आज डाव्या हाताने वरण-भात न सांडता जेवतो. वर गाणंही म्हणतो. खोटारडा.’ दुपारी जेवायला घरी गेलो, तर मनकर्णेने भाकरी वाढता वाढता, अगदी माठातलं पाणी द्यावं इतक्या शांतपणे सांगितलं, ‘आवो, त्याचा डावा हात मोडला हुता. उजव्यानंच जेवत हुता त्यो.’

मनकर्णा माझी बायको. तोवरच्या नऊ वर्षांच्या संसारात तिने माझं एकही मत खोडलं नव्हतं. मी हसलो. संध्याकाळपर्यंत गावातल्या यच्चयावत बायका म्हणू लागल्या की डावाच हात होता, आणि सेक्रेटरीचा चष्मा बदलायला झाला. माझ्या अब्रूचं काय झालं ते सांगत बसत नाही.

आता ज्यांनी आमचा तंबू पाहिला नाही त्यांच्यासाठी. तंबूच्या मधोमध पडदा. पडद्याच्या पुढे मशीन आणि पुरुष. पडद्याच्या मागे बायका, तिकीट निम्मं. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर बादल्या मारून तो ओलाचिंब करायचा, म्हणजे कापडातून उजेड आरपार जातो आणि मागच्या बाजूलाही चित्र उमटतं. उमटतं, पण उलटं. आमचा उजवा तो त्यांचा डावा. नायक आमच्याकडून उजवीकडे जातो, बायकांकडून डावीकडे. सुरुवातीला नावं येतात तीही उलटी. मी मनकर्णेला लग्नानंतर पाटीवर अक्षरं शिकवली. पहिल्या वर्षी ती तंबूतून हिरमुसली होऊन आली होती. म्हणाली, ‘तुमी शिकवलेलं एक अन् पडद्यावरचं दुसरंच.’ मग हळूहळू तिला उलटं वाचता येऊ लागलं. हे मला तेव्हा कौतुकाचं वाटलं होतं. पडद्यामागे बसून बाई अकरा वर्षं उलटं वाचते यात कौतुकाचं काय आहे, हा विचार मला फार उशिरा सुचला. शिकलेल्यांना अजून सुचलेला नाही.

मध्यंतरात एक रिवाज असे. पडद्याची खालची कड जमिनीपासून वीतभर वर. नवऱ्यांनी शेंगांच्या पुड्या घ्यायच्या आणि त्या फटीतून पलीकडे सारायच्या. पलीकडे बांगड्या वाजल्या की पुडी पोचली समजायचं. कधी कधी आपली पुडी दुसऱ्याच्या बायकोकडे जाई, त्यावरून गावात दोन भांडणंही झाली. माझा संसार सुखाचा होता. पण सिनेमाच्या बाबतीत तो एवढाच, वीतभर.

यंदा सोसायटीच्या कामाने मला मुंबईला जावं लागलं. मेहुणा सहादेव परळला असतो. त्याच्या चाळीत एकाने टेलिव्हिजन घेतला होता, आणि त्या दिवशी त्यावर नाटक होतं. मी अर्थातच गेलो. टेलिव्हिजनवरच्या नाटकाबद्दल माझं मत विचाराल तर: तीन माणसं, एक सोफा, एक फोन. फोन वाजतो, एक जण उचलतो, दोघं त्याच्याकडे बघतात. कोणी घराबाहेर पडत नाही. पडणार कुठे? चित्र पिठाच्या चाळणीएवढं. मधूनच मुंग्या येतात, मग घरमालक उठून पेटीच्या डोक्यात चापट मारतो. आमच्या तंबूत असं झालं असतं तर मशीनवाल्याच्या डोक्यात मारली असती.

पण मी ते नाटक नीट पाहिलंच नाही. माझ्यापुढे खाटेवर घरमालक आणि त्याची बायको बसली होती. एकाच खाटेवर, एकाच बाजूला तोंड करून. मेथी निवडता निवडता तिने त्याच्या गुडघ्याला कोपर लावलं आणि विचारलं, ‘हा त्याचा कोण?’ तो म्हणाला, ‘सावत्र भाऊ.’ बस, एवढंच. नाटक संपलं, लोक उठले. मी गाडीत बसून नगरला उतरलो, तरी ते कोपर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. चाळीस वर्षांचा माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी, आणि मला एका परक्या संसारातल्या कोपराचा हेवा वाटत होता. हसायचं असेल तर हसा.

गावी आल्यावर हे मी शेजारच्या कारभारीअण्णांना सांगितलं. कोपर सोडून बाकी सांगितलं. अण्णांना सगळ्या गोष्टींवर सल्ला असतो. त्यांनी विचारलं, त्या पेटीच्या मागून काय दिसतं? म्हटलं, मागून तारा. अण्णा गंभीर झाले. म्हणाले, ‘मंग बायकांनी बसायचं कुठं? चालायची न्हाई ती पेटी. लिहून घे नाथा.’

यंदाचा दुष्काळ कसा होता ते मी सांगायला नको. टँकर येई, माणसी हंडा मिळे. गाव सगळं खडी फोडायला. हातात रोजचे पैसे येत होते म्हणून तंबूला गर्दी मात्र चांगली. पण सरपंच भिमाजीराव यांनी हुकूम काढला: प्यायला पाणी नाही, तर पडद्याला नाही. हुकूम बरोबर होता. मीही फळ्यावर पाठिंबा लिहिला. मग लक्षात आलं की पडदा कोरडा म्हणजे आमची बाजू झकास आणि बायकांच्या बाजूला काळोख. तरी बायका येत होत्या. दिवसभर खडी फोडून, निम्मं तिकीट काढून, काळोखात बसून ऐकत होत्या. आणि मनकर्णा घरी आल्यावर मला विचारी, ‘ती रडली तवा तिच्या अंगावर लुगडं कोनतं हुतं?’ मी सांगे. ती डोळे मिटून ऐके.

अशात आसारामशेठनी जाहीर केलं की महिनाअखेरीला तंबू हलणार, आणि परत यायचा नाही. गावोगाव पाणी नाही, त्यांचं मन विटलं होतं. शेवटचा खेळ ‘लोकाग्रहास्तव’ म्हणून तोच, हात मोडलेल्या नायकाचा. लोकाग्रह कसला, दुसरं रीळ आलं नव्हतं.

त्या दिवशी मनकर्णा धुणं वाळत घालत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, ‘त्या हाताचं एकदा तुमच्या बाजूनं बघायचं हुतं.’

अकरा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पातळ नाही, डोरलं नाही. मी म्हटलं, बघू. आणि त्याच वेळी ठरवलं की मनकर्णा शेवटचा खेळ माझ्या शेजारी बसून बघणार. साधी गोष्ट. नवरा, बायको, एक फटकूर.

आसारामशेठकडे गेलो. फळ्याचा राग त्यांच्या मनात होताच. त्यांनी तंबूचा परवाना काढून दाखवला. नकाशात लिहिलेलं: पुरुष पडद्यापुढे, स्त्रिया पडद्यामागे. यात बदल करायचा तर तालुक्याला जा. पाथर्डीला गेलो. कचेरीतले साहेब दुष्काळी कामांच्या कागदांत बुडाले होते. त्यांनी माझं म्हणणं दोनदा ऐकलं, मग शेजारच्या टेबलवाल्याला ऐकायला बोलावलं. दोघांनी मिळून मला विचारलं की बाई तुमची पत्नी आहे याला पुरावा काय. म्हटलं, अकरा वर्षं माझ्या हातची मतं ऐकून घेते, दुसरी कोण घेईल? हा पुरावा चालत नव्हता. पुन्हा तिसगावला येऊन सरपंचांचा दाखला नेला. त्यात सरपंचांनी लिहिलं होतं, ‘सदर बाई सदर इसमाकडे राहते व वागणूक बरी आहे.’ कोणाची वागणूक ते लिहिलं नव्हतं.

शेवटी साहेब म्हणाले, नवरा-बायकोंनी एकत्र बसावं असं नियमात कुठे नाही. बसू नये असंही नाही. म्हणून परवानगी देता येत नाही. मात्र स्त्रिया पुढच्या बाजूला बसू शकतात, मध्ये आडोसा पाहिजे. मी म्हटलं, आडोसा तर आडोसा. कनात लावू. कनातीच्या अल्याड मी, पल्याड ती, पण दोघांचं तोंड एकीकडे. कोपर लागणार नाही, पण हात उजवा की डावा याचा निकाल लागेल. माणसाने किती मागावं?

कनातीला कापड आसारामशेठ देणार नव्हते. मी सोसायटीतली खताची रिकामी पोती उसवली आणि मनकर्णेने ती शिवली. दोन संध्याकाळी ती सुई ओढत होती आणि गुणगुणत होती. पोत्यांना खताचा असा वास की कारभारीअण्णा दारातून म्हणाले, ‘नाथा, ह्या कनातीला कणसं लागतील.’ मला राग आला नाही. तेव्हा मला कशाचाच राग येत नव्हता. माझ्या मतांचं त्या आठवड्यात फार नुकसान झालं. फळ्यावर मी चक्क ‘चित्रपट बरा आहे’ असं लिहिलं.

शेवटच्या खेळाच्या दिवशी मनकर्णेने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. कनात ताणून बांधली. पलीकडे एका माणसापुरती जागा. ती बसली, मी अलीकडे बसलो. मी हळूच पोत्याला कोपर लावलं. पलीकडून काही लागलं. तिचं कोपर होतं की तंबूचा खुंट, ते सांगता येत नाही. मी ते कोपरच समजलो.

तेवढ्यात झुंबरबाई आल्या.

झुंबरबाई म्हणजे खडीच्या कामावरच्या बायकांच्या पुढारी. त्या दारात उभ्या राहिल्या, कमरेवर हात. ‘शेक्रेटरीची बायकू म्होरं अन् आमी काळुखात? आमची तिकिटं काय खोटी हायती?’

मी फळ्यावर लिहिणारा माणूस, मला खरं वाक्य ओळखू येतं. झुंबरबाई आत आल्या आणि मनकर्णेशेजारी बसल्या. कनात हातभर पुरुषांकडे सरकली. मग त्यांची सून आली, आणखी हातभर. मग खडी फोडणाऱ्या सगळ्या बायका, लेकरं काखेला मारून. प्रत्येकीगणिक कनात सरकत होती, आणि मी कनातीबरोबर. मधे झुंबरबाईंची सून, दोन लेकरं आणि कोणाची तरी सासू आली. माझं कोपर आता कोणाला लागत होतं देव जाणे. मी ते काढून घेतलं. शेवटी कनात तंबूच्या भिंतीला टेकली आणि पुरुष सगळे बाहेर बाभळीखाली उभे राहिले.

पुरुष ओरडू लागले. आसारामशेठना तिकिटं परत करायची नव्हती. त्यांनी तालुक्याचा कागद हलवत सांगितलं की नियमाप्रमाणे आडोसा पाहिजे, आणि सगळ्यांत चांगला आडोसा म्हणजे पडदा. पुरुषांनी मागे जावं. सरपंच भिमाजीरावांसकट अख्खं पुरुष मंडळ पडद्यामागे गेलं. त्या काळोखात, शेंगांच्या जुन्या टरफलांवर, जिथे आमच्या बायका इतकी वर्षं बसल्या होत्या. मीही गेलो. जाताना कोणी म्हणालं, ‘शेक्रेटरी, लई भारी काम केलं.’ कोण ते काळोखात दिसलं नाही, पण आवाज कारभारीअण्णांचा होता.

खेळ सुरू झाला. पलीकडे बायका हसल्या. आम्हांला एक राखाडी डाग दिसत होता, तो कधी मोठा होई, कधी लहान.

‘नाथा, हे काय बघतोय आपुन?’ अण्णा म्हणाले.

‘नायक,’ मी म्हणालो.

‘मला आभाळ वाटलं.’

आणि आता जे झालं ते मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी विचारलं तर सरपंच नाही म्हणतील. पडद्याला पाणी नाही असा हुकूम काढल्यापासून बायका काळोखात बसत होत्या आणि गावात थेंब नव्हता. भिमाजीराव पाव तास काळोखात बसले आणि त्यांनी आपल्या वाड्याच्या हौदाचं कुलूप उघडायला माणूस पाठवला. बादल्या आल्या. पुरुषांनी इतक्या उत्साहाने पडद्यावर पाणी मारलं की पलीकडच्या पहिल्या रांगेतल्या बायका भिजल्या. झुंबरबाईंनी तिकडून मोठ्याने विचारलं की हे पाणी कोणत्या ढगातलं. भिमाजीरावांनी आणखी एक बादली मारली. माझं जे बोलायचं होतं ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर लिहिलं आणि तो फळा सोसायटीने दुपारी पुसला.

तर पडदा भिजला आणि चित्र उमटलं. उलटं. नायक भलत्याच बाजूने आला. नावं केव्हाच निघून गेली होती, पण कारखान्याच्या दारावरची पाटी दिसली. मी ती अक्षरं लावायला लागलो. दोन लागली तोवर पाटी गेली. ही बाई हे अकरा वर्षं कसं करत होती? मग यंत्र फिरलं, किंकाळी आली, आणि माझ्या डोळ्यांदेखत नायकाचा हात मोडला.

डावा.

मध्यंतरात मी सवयीने शेंगा घ्यायला उठलो, तर शेंगावाला पलीकडे गेलेला. तो पुढच्या बाजूचा होता. मी पडद्याच्या कडेशी जाऊन बसलो. ओल्या कापडातून पाणी ठिबकत होतं. फटीतून पलीकडची पावलं दिसत होती, धुळीने पांढरी, भेगा पडलेली, ओळीने. त्यांत मला मनकर्णेची जोडवी ओळखू आली. एक झिजलेलं आहे, ते बदलू म्हणून मी चार वर्षं म्हणतो आहे. ती पावलं पुढे आली, थांबली. पुडी फटीतून आत आली. मी ती धरली, पण तिने लगेच सोडली नाही. क्षणभर पुडी दोघांच्या हातांत होती. मग मला आठवलं की बांगड्या वाजवायची पाळी आता माझी आहे, आणि माझ्या हातात वाजण्यासारखं काही नव्हतं. मी खाकरलो.

पुडी उघडली. शेंगा नव्हत्या, नुसते दाणे. तिने काळोखातल्या माणसासाठी सोलून पाठवले होते. मी इतकी वर्षं टरफलांसकट पाठवत होतो.

घरी जाताना बायका पुढे, पुरुष मागे. घरात दिवा लावल्यावर ती माझ्याकडे वळली. चेहरा नुसता उजळलेला. म्हणाली, ‘तुमचंच खरं हुतं बरं का. उजवाच मोडला त्याचा.’

मला अकरा वर्षांतला सगळ्यांत मोठा विजय मिळाला होता. आणि मी म्हणालो, ‘न्हाई. डावाच होता. मी बघितला.’

ती हसायला लागली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, ‘म्हंजी एका बाजूनं बघायचं ऱ्हायलंच की.’

राहिलंच. सकाळी मी तंबूच्या जागेकडे गेलो. कनातीची पोती परत सोसायटीत जमा करायची होती. मनकर्णा कधी नव्हे ती बरोबर आली. पोती दोघांनी उचलावी लागतात म्हणाली. कापड खाली आलं होतं. पडदा बाभळीवर वाळत घातलेला, आणि तो आता कोणत्याही बाजूने पांढराच होता. उभे होते फक्त पडद्याचे दोन खांब, आणि त्यांच्यामधून पलीकडचं रान दिसत होतं, पार डोंगरापर्यंत उघडं.

ती खांबांसमोर खाली बसली. पुरुषांच्या बाजूला. आसारामशेठची माणसं दोऱ्या सोडत होती, ती बघत होती, तरी बसली. मीही बसलो. बराच वेळ काही आलं नाही. मग छावणीकडे निघालेला एक बैल एका खांबाआडून आत आला, हाडं वाजतील असा हळूहळू चालत दोन खांबांमधून गेला आणि दिसेनासा झाला.

तिने माझ्या गुडघ्याला कोपर लावलं.

‘कुनीकडं गेला?’

‘उजवीकडं,’ मी म्हणालो.

‘व्हय,’ मनकर्णा म्हणाली. ‘उजवीकडंच गेला.’

माणसं खांब उपटायला आली तेव्हा आम्ही पोती उचलली.